जुन्या बुलेटचा क्लच घरीच कसा खोलायचा

मे महिन्यात नागपूरच्या व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर न्यूट्रल सापडत नाही, गाडी पुढं सरकून राहिली, तर समजा क्लच ड्रॅग करतोय, म्हणजे लिव्हर दाबूनही पूर्ण सुटत नाही. आधी केबल बघा भाऊ, अर्ध्या वेळा दोष तिचाच असते.

कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनवाल्या जुन्या ३५० मध्ये डावा फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढा, खाली ट्रे ठेवा, मग प्रायमरी कव्हरचा (इंजिनच्या डाव्या बाजूचं, क्लचवरचं झाकण) मधला एकच मोठा नट खोला, सगळं ऑइल भसकन बाहेर येते, त्यामुळे आईची नवी परात घेऊ नका. आतली प्रायमरी चेन (इंजिन ते क्लच) एण्डलेस आहे, म्हणजे तिला जोड नाही, म्हणून अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) काढल्यावर इंजिनचा स्प्रॉकेट आणि क्लच दोन्ही सोबतच ओढावे लागतात. पुलर (ओढून काढायचं अवजार) वापरा, हातोडा नाही, हे दोनदा सांगतो.

स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून बघा, डुलली तर वाकडी, फेकून द्या. फ्रिक्शन प्लेटा जळक्या वासाच्या असतील तर नवीनच टाका, घासून काही होत नाही.

बसवताना या प्रायमरी चेनचा ढिलेपणा वरच्या बाजूला साधारण ६ मिमी, पण इंजिन फिरवत चेन जिथं सगळ्यात ताठ होते तिथं मोजा, नाहीतर बेअरिंगची वाट. अल्टरनेटरच्या रोटर-स्टेटरमधली (फिरणारा अन् स्थिर भाग) गॅप चारही बाजूंनी सारखी पाहिजे. कव्हरचा नट जोर लावून आवळला की कव्हर वाकते अन् गळती सुरू, रबर सील नवीन टाकलं की बेताचं आवळणं पुरते. ऑइल लेव्हल स्क्रूपर्यंतच भरा.