हंडी फुटण्याचा क्षण संथ कसा करावा: डाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपचा वेग बदलणे

दहीहंडीच्या व्हिडिओत बघणारा वाट पाहत असतो ती एक्क्याचा, म्हणजे सगळ्यात वरच्या गोविंदाचा, हात हंडीला लागण्याची. थर लागायला बराच वेळ जातो आणि मडकं फुटतं ते डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. म्हणून अशा व्हिडिओत वेग दोन्ही बाजूंनी बदलावा लागतो: थर लागतानाचा भाग पळवायचा आणि फुटण्याचा क्षण ताणायचा. हे डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत उत्तम होतं. पण स्लो मोशनची सुरुवात एडिटिंगच्या आधी, चित्रीकरणातच होते.

शूटिंग करतानाच

मोबाइलवर साधा व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० फ्रेमने, म्हणजे ३० स्थिर चित्रांनी, घेतला जातो. तो निम्म्या वेगाने चालवला की सेकंदाला १५च खऱ्या फ्रेम उरतात आणि चित्र अडखळतं. हंडीसाठी ६० किंवा १२० फ्रेमवर शूट करा. हिशोब सोपा आहे: टाइमलाइनचे (सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडतो त्या पट्टीचे) फ्रेम भागिले शूटिंगचे फ्रेम. ३०च्या टाइमलाइनवर ६०ची क्लिप ५० टक्के वेगापर्यंत आणि १२०ची २५ टक्क्यांपर्यंत स्वच्छ चालते. त्याखाली गेलात की मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरला बनवाव्या लागतात.

रात्रीच्या हंडीला आणखी एक काळजी घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं किंवा आडवे पट्टे दिसतात. कॅमेऱ्यात ५० किंवा १०० फ्रेमची सोय असेल तर ती घ्या आणि शटर १/१०० सेकंद ठेवा. अशा वेळी टाइमलाइन २५ची करा, म्हणजे भागाकार नेमका बसतो.

फुटेज मित्राकडून मागवणार असाल तर मूळ फाइल केबलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान केलेली असते, ती ताणायला घेण्यात अर्थ नाही.

प्रोजेक्ट लावताना

रिझॉल्व्ह उघडलं की क्लिप आत घेण्याआधी उजव्या कोपऱ्यातलं खालचं चक्र दाबून टाइमलाइन फ्रेम रेट ठरवा. क्लिप आत आल्यावर प्रोजेक्टचा हा आकडा बदलता येत नाही. पहिली क्लिप टाकताना फ्रेम रेट बदलू का, असं सॉफ्टवेअर विचारतं. तिथे घाईने होकार दिलात तर तुम्ही ठरवलेला फ्रेम रेट बदलून बसेल. ‘डोन्ट चेंज’ निवडा.

थर पळवणं

एडिट पानावर थर लागतानाच्या क्लिपवर राइट क्लिक करून ‘चेंज क्लिप स्पीड’ घ्या आणि ४०० टक्के लिहा. ‘रिपल टाइमलाइन’वर खूण करायला विसरू नका. ती नसेल तर पळवलेल्या क्लिपमागे मोकळी जागा राहते. आणि संथ करत असाल तर शेजारच्या क्लिपमुळे वाढायला जागाच मिळत नाही, शेवट कापला जातो. संथ करताना नेमका शेवटच महत्त्वाचा असतो.

वेळ आवळून दाखवण्याची ही युक्ती आपल्याकडे सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली होती, आणि ते वाढतं रोप पडद्यावर पाहून त्यांच्या पहिल्या चित्रपटाला भांडवल उभं राहायला मदत झाली. पळवलेल्या चित्राची ओढ तेव्हाही तितकीच होती.

क्षण ताणणं

आता हंडीची क्लिप. ती अख्खी संथ करू नका. हात वर येतानाचा वेग नेहमीचा असेल तरच पुढचा संथपणा जाणवतो.

क्लिप निवडून कंट्रोल आणि आर दाबा, मॅकवर कमांड आणि आर. क्लिपवर बाण उमटतात आणि खाली १०० टक्के असा आकडा दिसतो. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती उभी रेघ) अशा फ्रेमवर आणा जिथे एक्क्याने नारळ मागे नेलाय, पण हात अजून पुढे सुटलेला नाही. आकड्याशेजारचा छोटा त्रिकोण दाबून ‘अॅड स्पीड पॉइंट’ घ्या. मग एकेक फ्रेम पुढे जात मडक्याचे तुकडे एक्क्याच्या खांद्याखाली उतरतात तिथे दुसरा पॉइंट घाला. क्लिपचे तीन भाग झाले. मधल्या भागाचा त्रिकोण दाबून ‘चेंज स्पीड’मधून २५ टक्के निवडा. पॉइंटची खालची मूठ ओढली की पॉइंट सरकतो, वरची ओढली की त्याच्या डावीकडच्या भागाचा वेग बदलतो.

पहिला पॉइंट प्रत्यक्ष आघातावर घालायचा मोह होतो. तसं करू नका. संथपणा आघाताच्या आधी सुरू झाला पाहिजे, म्हणजे नजर हंडीवर पोचलेली असते.

या घडीला वेग पायरीसारखा एकदम पडतो. तो उतारासारखा करायला राइट क्लिक करून ‘रिटाइम कर्व्ह’ उघडा आणि कर्व्हच्या यादीतून ‘रिटाइम स्पीड’वर खूण करा. पॉइंट निवडून वक्र रेषेचं बटण दाबलं की दोन दांड्या निघतात. आत शिरतानाचा उतार आखूड ठेवा, बाहेर पडतानाचा थोडा लांब. हंडीला हाच आकार मला सर्वात शोभणारा वाटतो.

पाण्याची अडचण

२५ टक्क्यांच्या खाली जायचंच असेल तर इन्स्पेक्टरमध्ये ‘रिटाइम अँड स्केलिंग’खाली ‘ऑप्टिकल फ्लो’ आहे. दोन फ्रेममधली हालचाल ओळखून ते मधली फ्रेम तयार करतं. मोकळ्या आकाशापुढे एकटा हात असेल तर छान चालतं. पण गोविंदांवर पाण्याचे फवारे उडत असतात, हातावर हात आलेले असतात. तिथे थेंब ताणले जातात, बोटं वितळल्यासारखी दिसतात. असं दिसलं तर नवी फ्रेम न बनवणाऱ्या ‘निअरेस्ट’वर परत या आणि वेग थोडा वाढवा. थोडं अडखळणारं पण खरं चित्र चालेल, वितळलेली बोटं नकोत. पळवलेल्या थरांसाठी मात्र शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणारं ‘फ्रेम ब्लेंड’ लावून पाहा, धक्के मऊ होतात.

कॉम्प्युटर रखडत असेल तर ‘प्लेबॅक’ मेनूत रेंडर कॅशे (आधीच तयार करून साठवलेलं चित्र) ‘स्मार्ट’ करा आणि वरची लाल रेघ निळी होईपर्यंत थांबा. त्याआधी वेगाबद्दल मत बनवू नका.

आवाज

संथ केलेला जल्लोष घुमल्यासारखा, खोल होतो. म्हणून पॉइंट घालण्याआधीच राइट क्लिक करून ‘लिंक क्लिप्स’ची खूण काढा आणि फक्त चित्राचा वेग बदला. चित्र लांबतं, आवाज तेवढाच राहतो. मग ध्वनिरेषेत मडकं फुटल्याचा उंच टोकदार भाग शोधा, तिथे आवाज कापा आणि तो तुकडा सरकवून आघाताच्या फ्रेमखाली आणा. मधली पोकळी भरायला गर्दीचा सलग आवाज लागतो. त्यासाठी थर लागण्याआधी मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. जोडावर दोन्हीकडे छोटा क्रॉस फेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) द्या आणि हेडफोन लावून ऐका.