मुलाच्या अंगावर पुरळ उठलं? या चुका टाळा

पुरळ दिसलं की आपण आधी फोटो काढतो आणि चार जणांना पाठवून विचारतो, "हे काय असेल?" फोटोत फक्त ठिपके दिसतात. ताप आधी आला की पुरळ, ते कुठून सुरू झालं, हे डॉक्टर विचारतात तेव्हा मात्र कुणालाच नीट आठवत नाही. ते लिहून ठेवा.

गोवरात तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे. मग कानामागून, केसांच्या कडेने पुरळ खाली उतरतं आणि ताप चढाच राहतो. रोझिओला या लहान मुलांच्या आजारात उलटं: तीन-चार दिवस सणसणीत ताप, आणि तो उतरल्यावर पुरळ. तोवर घरात उरलेलं अँटिबायोटिक कुणीतरी सुरू केलेलं असतं. मग खापर औषधावर फुटतं आणि 'ॲलर्जी' हा शेरा मुलाच्या फाईलवर उगाच वर्षानुवर्षं राहतो. रोझिओला विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही.

कांजिण्यांत लाल पुटकुळ्या, पाणी भरलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतात. तापासाठी ॲस्पिरिन अजिबात नको. त्यातून राय सिंड्रोम होऊन मेंदू आणि यकृताला इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळा. पॅरासिटामॉल द्या, तेही वजनाप्रमाणे. नखं कापा, कारण खाजवलेल्या फोडांत जिवाणू शिरतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा बंद.

गोवराला 'होऊन जाईल' म्हणून सोडणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. न्यूमोनिया, कानाचा संसर्ग, क्वचित मेंदूज्वर. शिवाय नंतर कित्येक महिने प्रतिकारशक्ती कमी राहते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरत असतो, त्यामुळे पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळं ठेवणं पुरत नाही. लस वेळेवर हवी, दोन्ही डोस.

घसा दुखून हाताला खरखरीत लागणारं पुरळ आलं, तर तो स्कार्लेट ज्वर, म्हणजे जिवाणूंमुळे येणारा ताप, असू शकतो. इथे अँटिबायोटिक लागतंच, आणि बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडायचा नाही. हृदयाच्या झडपांना धोका असतो.

तापात जांभळट डाग दिसले तर त्यावर काचेचा ग्लास दाबा. सावळ्या त्वचेवर तळवे, तळपाय आणि पापण्यांच्या आतली बाजू पाहा. डाग फिकट झाले नाहीत तर तडक दवाखाना गाठा, रात्र असली तरी. फिकट झाले, पण मूल मलूल आहे किंवा मान ताठ आहे, तरीही थांबू नका.