डायव्हिंगसाठी तंगूस कापण्याचे अवजार निवडताना या चुका टाळा

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर ते मे असा असतो आणि त्याच पाण्यात, त्याच महिन्यांत मासेमारीही चालू असते. खडकात अडकून फाटलेली जाळी, गळाचे तुटलेले तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) आणि सुटलेले दोर तळाशी वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण नायलॉन पाण्यात कुजत नाही. पारदर्शक तंगूस स्वच्छ पाण्यातही सहजी दिसत नाही. कोकणातल्या गढूळ पाण्यात तो आहे हे बहुधा अंगाला अडकल्यावरच कळते. पर्यटक म्हणून प्रशिक्षकाच्या आधाराने उतरणाऱ्याला याची चिंता करण्याचे कारण नाही, परंतु प्रमाणपत्र घेऊन जोडीदारासह डाइव्ह करणाऱ्या प्रत्येकाजवळ कापण्याचे स्वतःचे अवजार असायला हवे. ते निवडताना बहुतेक जण पात्याचा आकार पाहतात. पाहायला हवे ते हे, की पाठीमागे अडकलेला, न दिसणारा धागा आपण त्याने एका हाताने कापू शकू का.

पोटरीला बांधलेला लांब, टोकदार सुरा ही सर्वांत जुनी आणि अजूनही न सुटलेली चूक आहे. पाय जाळ्यात अडकला असताना तिथवर हात पोहोचेलच असे नाही, आणि म्यानाच्या पट्ट्या व मूठ यांतच तंगूस गुंतण्याची शक्यता अधिक. टोकदार पाते बीसीडीला (पाण्यात तरंगणे सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटला) किंवा स्वतःच्याच हाताला भोक पाडू शकते. सुरा घ्यायचाच असेल तर तो आखूड, बोथट टोकाचा, एका बाजूला सरळ धार आणि दुसऱ्या बाजूला दाते असलेला घ्यावा. सरळ धार बारीक धाग्याला आणि दाते दोराला उपयोगी पडतात.

दुसरी चूक म्हणजे एकाच अवजाराने सर्व काही कापले जाईल असे समजणे. अरुंद खाचेत पाते बसवलेला छोटा लाइन कटर तंगूस आणि बारीक विणलेला दोरा झटकन कापतो. पाते आत असल्यामुळे हाताला इजा होण्याची भीतीही कमी. मात्र जाड दोर त्या खाचेत शिरतच नाही, तेथे दात्यांचा सुरा लागतो. सुरमईच्या दातांनी तंगूस तुटू नये म्हणून गळाच्या टोकाला पोलादी तार जोडतात, आणि त्या तारेपुढे सुरा व लाइन कटर दोन्ही हतबल ठरतात. रुग्णवाहिकेत वापरतात तशी मजबूत कात्री मात्र बारीक तार कापू शकते. त्यामुळे कोकण-गोव्याच्या पाण्यात एक लाइन कटर आणि एक कात्री ही जोडी महागड्या सुऱ्यापेक्षा अधिक कामाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही दोन अवजारे एकाच खिशात ठेवल्यास दोन असण्याचा अर्थ उरत नाही. ती छाती व कंबर यांच्या दरम्यान, एक तरी अवजार कोणत्याही हाताला सापडेल अशी लावावीत. म्यान सैल असेल तर बोटीवरून उडी मारतानाच अवजार निसटते, आणि फार घट्ट असेल तर ओढताना दोन्ही हात लागतात. दोन्ही दोष किनाऱ्यावर हातमोजे घालून, डोळे मिटून अवजार काढून आणि परत ठेवून पाहिल्यास लगेच उघड होतात. निसटू नये म्हणून लांब दोरी बांधणे हा उपाय नव्हे, कारण ती लोंबती दोरी स्वतःच अडकते.

‘गंजरोधक’ या शब्दावर विसंबणे ही चूक पुष्कळांना महाग पडते. धार चांगली धरणारे कठीण स्टेनलेस पोलाद खाऱ्या पाण्यात गंजते, तर ३०४ किंवा ३१६ प्रतीचे पोलाद गंजाला फारशी दाद देत नसले तरी त्याची धार लवकर बोथट होते. टायटॅनियम गंजत नाही. मात्र चांगल्या पोलादाइतकी धार ते टिकवत नाही. नियमित डाइव्ह करणाऱ्याने पाती बदलता येणारा लाइन कटर घ्यावा आणि पात्यावर डाग दिसताच ते बदलावे. गंज पात्याच्या मध्यभागी नव्हे, तर मूठ आणि पाते यांच्या सांध्यात किंवा कात्रीच्या खिळ्यापाशी सुरू होतो. म्हणून डाइव्हनंतर अवजार म्यानातून काढून गोड्या पाण्यात भिजवावे, उघडून पूर्ण वाळवावे आणि खिळ्याला सिलिकॉन तेलाचा थेंब द्यावा.

अवजार धारदार असूनही धागा कापला जात नसेल, तर बहुतेक वेळा धागा सैल असतो. सैल तंगूस पात्यापुढून सरकतो किंवा खाचेत गोळा होतो. मोकळ्या हाताने तो ताणून धरला की तेच अवजार काम करते. घरी जुन्या जाळ्याचा तुकडा बादलीत बुडवून हा सराव करता येतो.

अडकल्याचे लक्षात येताच गर्रकन वळून पाहण्याने वेढे वाढतात. थांबावे, श्वास स्थिर करावा, जोडीदाराला खूण करावी आणि आल्या दिशेने किंचित मागे सरकून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने सुटका होते. अडकण्याची जागा बहुधा सिलिंडरच्या झडपेपाशी, म्हणजे आपल्याला न दिसणारी असते, त्यामुळे तेथे जोडीदाराला कापू द्यावे. तो जवळ नसेल तर रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे उपकरण) तोंडात ठेवूनच बीसीडी उतरवून समोर घ्यावी लागते. कापण्यापूर्वी हातात आलेली वस्तू दोरच आहे, हवेची नळी नाही, याची चाचपून खात्री करावी. जाळे एखाद्या मच्छीमाराचे वापरातले असेल तर सुटकेपुरतेच धागे कापावेत. त्याचे नुकसान वाढवण्याचे कारण नाही.

विमानाने जाताना ही सारी अवजारे चेक-इन सामानातच ठेवावीत. मेक्सिकोतील कोझुमेलसारख्या काही संरक्षित सागरी क्षेत्रांत सुरा नेण्यास मनाई असते, तेव्हा कोणते अवजार चालेल हे तिथल्या डाइव्ह केंद्राला आधीच विचारून घ्यावे.