जुने घर घेण्यापूर्वी भिंतीची भेग तपासण्याची रीत
विदर्भातील काळ्या मातीच्या गावांत डागडुजी करून विकण्यासाठी जुने घर घेताना, भिंतीवरची भेग नुसत्या गिलाव्याने बुजेल की पायाच हलतो आहे, हे एका भेटीत कळत नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी घरमालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने भेगेवरचा रंग खरवडून तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी, बोटभर रुंद पट्टी लावावी, तारीख लिहावी आणि फोटो काढून ठेवावा. पट्टी उन्हाळ्याच्या शेवटी लावून भर पावसाळ्यात पुन्हा पाहणे सर्वांत उत्तम, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. पट्टी तडकली किंवा सुटली, तर पायाचा खर्च धरूनच भाव बोलावा. मातीच्या भिंतीवर मात्र पट्टी नीट धरत नाही. तिथे भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून अंतर मोजावे.