आजीला सुट्टी द्या: ब्रँडसाठी गोष्ट शोधताना

कंटेंटच्या कामात नवीन आलेल्या मुलांना मसाल्याच्या ब्रँडवर काहीही लिहायला सांगा, तिसऱ्या ओळीत आजी येते. तिच्या हाताची चव, तिचा पाटा-वरवंटा, स्वयंपाकघरात आलेलं कोवळं ऊन. तूप असो, लोणचं असो, परवा तर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या मजकुरातही आजी हजर होती. लोअर परळच्या आमच्या एजन्सीत नव्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की आजीला सुट्टी द्या. तिला काही हवं नसतं, तिचं काही अडलेलंही नसतं. मग गोष्ट पुढे सरकणार कशी?

ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते सांगणारा कागद, हातात आलं की सगळे कंपनीचा इतिहास मागतात: स्थापना कधी, संस्थापक कोण, पहिलं दुकान कुठे. तो माहीत असावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पैसे काढण्याआधी गिऱ्हाईक कशाला अडतं, हे शोधा. माझ्या अनुभवात चांगली गोष्ट बहुतेक वेळा त्या शंकेतूनच निघते.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सर्फच्या ललिताजींचं. ऐंशीच्या दशकात स्वस्त निरमाने बाजार खाल्ला होता आणि सर्फ महाग होतं. गिऱ्हाईकाची शंका सरळ होती: जास्त पैसे कशाला मोजायचे? अलेक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरात एजन्सीने उत्तरादाखल नुसते पावडरीचे गुण मोजून दाखवले नाहीत. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, एक पैसा वाया न घालवणारी बाई उभी केली. कविता चौधरींनी ती केली होती. एवढी चिकट बाई जर महाग पावडर घेत असेल, तर त्यात हिशोब असणार, हे बघणाऱ्याला पटलं.

ती जाहिरात होती. कंटेंट मार्केटिंगमध्ये आणखी एक अट येते: वस्तू विकत घेतली नाही तरी वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलं पाहिजे. मिशेलिन या टायर कंपनीने 1900 साली फ्रान्समधल्या गाडीवाल्यांना फुकट गाईड वाटलं. गॅरेज कुठे, हॉटेल कुठे, टायर कसा बदलायचा, अशी माहिती त्यात होती. लोक जास्त फिरले की टायर जास्त झिजणार, हा व्यापार त्यामागे होताच. तो असायला हरकत नाही.

आता आमच्याकडचं एक काम. क्लायंट पाकिटबंद मालवणी मसाला ऑनलाइन विकणारा. ब्रीफमध्ये 'वारसा' हा शब्द इतक्यांदा होता की मी मोजणं सोडलं. मी टीममधल्या दोघांना घेऊन लालबागच्या मिरची गल्लीत गेले. एप्रिल होता, वर्षाचा मसाला करायचे दिवस. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी, पांडी अशा मिरच्यांचे ढीग, डंखांचा, म्हणजे मसाला कांडणाऱ्या यंत्रांचा धडधडाट आणि सगळ्यांच्या नाकावर रुमाल. भांडुपहून आलेली एक बाई डंखापासून हातभर अंतरावर उभी होती. फोन आला तर कानाला लावून बोलत होती, पण नजर डंखावरून हलत नव्हती. कांडणारा म्हणाला, "ताई, चहा घेऊन या, होतंय." ती म्हणाली, "तू कांड रे, मी आहे हितंच. बाजूवालीची पांडी माझ्यात मिसळली तर वर्षभर कोण खाणार?" शेवटी वहिनीला जागेवर उभं केलं, तेव्हा कुठे ती चहाला गेली.

आमचं काम तिथेच झालं. पाकीट मागवणाऱ्या बाईला डंखासमोर उभं राहता येत नाही, तिची अडचण ती हीच. मग प्रत्येक लॉटचे छोटे व्हिडिओ केले. मिरच्यांची देठं काढताना, धणे-खसखस-दगडफूल भाजताना, कांडताना. वर तारीख आणि कुठली मिरची किती ते. कॅप्शन होतं, 'तुम्हाला डंखासमोर उभं राहता येत नाही, म्हणून आम्ही कॅमेरा उभा केलाय.' क्लायंटने लगेच विचारलं, "आमचा वारसा कुठे गेला?" त्यावर बरीच वादावादी झाली. मात्र पुढे 'छान', 'मस्त' या कमेंटच्या जागी 'बी काढता का?', 'संकेश्वरी यंदाचीच ना?' असे प्रश्न यायला लागले. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक घेण्याच्या बेतात असतं. मला ते लाइक्सपेक्षा मोलाचं वाटतं.

माहिती काढताना मालकाला 'तुमच्या ब्रँडची मूल्यं काय' असलं काही विचारू नका. तो पाठ केलेलं सांगेल. गल्ल्यावर बसणाऱ्याला, डिलिव्हरीवाल्याला, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणाऱ्या मुलीला विचारा, "गिऱ्हाईकाशी शेवटचं भांडण कशावरून झालं?" तक्रारींचे मेसेज सलग वाचायला मागा. कंटाळवाणं काम आहे, पण मी त्याच्याशिवाय एक ओळ लिहू देत नाही.

रीलमध्ये ओळख करून देण्यात वेळ घालवू नका, अडचणीपासून सुरू करा. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, लोक रील कुठे सोडून गेले याचा आलेख दिसतो, तो रोज बघा. बहुतेकदा लोगो फिरत येतो तिथेच तो कोसळतो. आणि हो, दरपत्रक, परतीचे नियम, दुकानाची वेळ यांना गोष्ट लागत नाही. ते ठळक अक्षरांत लिहा आणि मोकळे व्हा.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. घडलेलं नाही ते घडलं म्हणून सांगायचं नाही. न भेटलेल्या गिऱ्हाईकाचा फोटो आणि अनुभव रचून टाकणं ही सरळ दिशाभूल आहे. जाहिरातींवर स्वनियमन करणारी एएससीआय ही संस्था 1985 पासून आपल्या मुंबईतूनच काम करते, 2021 मध्ये तिने इन्फ्लुएन्सर्ससाठीही नियम आणले. पैसे घेऊन केलेली पोस्ट जाहिरात म्हणून ओळखू आली पाहिजे, हे त्यांचं सार. ते नोकरीच्या आधीच वाचून ठेवा.

नोकरीला अर्ज करताना काल्पनिक ब्रँडच्या चकचकीत मोहिमा पाठवू नका. तुमच्या वस्तीतलं एक दुकान धरा, मालकाची परवानगी घ्या आणि गिऱ्हाईकाची एकच शंका तीन प्रकारे मांडा: रील, मोठा लेख आणि व्हॉट्सअॅपवर पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर. मुलाखतीत मी "हे कुणाला विचारून लिहिलंत?" हे विचारतेच. आणि लालबागला जायचं असेल तर पावसाळ्यात, दुपारच्या वेळी जा. एप्रिलमध्ये तिथे तुमच्याकडे बघायलाही कुणाला फुरसत नसते. जुलैत दुकानदार स्वतःहून स्टूल पुढे करतात.