बी-जीवनसत्त्वे आणि कॅन्सर: गोळी घेताना या चुका टाळा

‘बी-कॉम्प्लेक्स घेतलं तर काय बिघडतं, जास्तीचं लघवीतून निघूनच जातं,’ हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेलं असतं. रोजच्या जेवणातल्या मात्रेपुरतं ते ठीक आहे. गरजेच्या वीस-पंचवीस पट डोस वर्षानुवर्षे घेतला, तर ते लागू पडत नाही. बी-12 तर यकृतात साठतंही.

सगळ्या ‘बी’ना एकाच मापाने मोजणं ही पहिली चूक. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करायला फोलेट (बी-9) लागतं. ते कमी पडलं, तर डीएनएतल्या थायमिन या घटकाच्या (बी-1 नव्हे) जागी युरॅसिल हा चुकीचा घटक बसतो आणि डीएनएचे धागे तुटतात. म्हणून कमतरता वाईटच. पण आधीच वाढू लागलेल्या गाठीच्या पेशींनाही तेच फोलेट हवं असतं. 1948 साली अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांना फोलेट अडवणारं अमिनोप्टेरिन दिलं आणि काहींचा आजार काही काळ मागे हटला. आजचं मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरवरचं औषध त्याच घराण्यातलं.

त्यामुळे ‘फोलेट चांगलं की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाला, किती आणि कधी, हे विचारायला हवं. आतड्यातले पॉलिप (पुढे कॅन्सर होऊ शकणारे छोटे कोंब) काढलेल्या लोकांना रोज 1 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) देऊन पाहिलं, तर नवे पॉलिप कमी झाले नाहीत (2007). दुसरीकडे, 13 चाचण्यांतल्या सुमारे 50,000 लोकांची माहिती 2013 मध्ये एकत्र केली, तेव्हा पहिल्या पाचेक वर्षांत कॅन्सर ठळकपणे वाढलेलाही दिसला नाही. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण ‘कॅन्सर टळावा म्हणून’ गोळी घेण्यालाही आधार नाही. गरोदरपणाआधी आणि सुरुवातीच्या महिन्यांत घ्यायच्या फॉलिक ॲसिडची गोष्ट वेगळी. ते या भीतीपोटी अजिबात सोडू नका.

दुसरी चूक लेबल वाचण्यातली. 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम, हे माहीत असूनही डब्यावरचा आकडा पाहताना घोटाळा होतो. प्रौढांना रोज बी-12 लागतं 2.4 मायक्रोग्रॅम, बी-6 साधारण 1.3 ते 1.7 मिलिग्रॅम आणि फोलेट 400 मायक्रोग्रॅम. आता समजा मल्टिव्हिटॅमिनमध्ये 3 मिलिग्रॅम बी-6 आहे, हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठीच्या गोळीत 10 आणि ‘एनर्जी’ पावडरमध्ये आणखी 10. झाले 23, आणि तिन्ही डब्यांवर नावं वेगळी! घरातले सगळे डबे एकदा टेबलावर मांडा आणि ‘पायरिडॉक्सिन’पुढचे (म्हणजे बी-6चे) आकडे कागदावर बेरजेला घ्या.

ही बेरीज का करायची? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 50 ते 76 वयाच्या सुमारे 77,000 लोकांची पाहणी झाली. दहा वर्षांच्या सरासरीने रोज 20 मिलिग्रॅमहून जास्त बी-6 किंवा 55 मायक्रोग्रॅमहून जास्त बी-12 सुट्या गोळ्यांतून घेणाऱ्या पुरुषांत फुफ्फुसाचा कॅन्सर 30 ते 40 टक्के अधिक आढळला, आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत कितीतरी पटींनी. स्त्रियांत तसा संबंध दिसला नाही. ही निरीक्षणात्मक पाहणी आहे, गोळीमुळेच कॅन्सर झाला असं ती सिद्ध करत नाही. पण सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाने ‘ताकदीसाठी’ हे डोस घेत राहायला मला तरी काही कारण दिसत नाही.

याचा उलटा अर्थ काढून बी-12ची खरी कमतरता असलेल्यांनी उपचार थांबवणं हीसुद्धा चूकच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, जठराची शस्त्रक्रिया झालेले, प्राणिजन्य अन्न न खाणारे यांना 1000 मायक्रोग्रॅमचा डोस औषध म्हणून दिलेला असतो. आणि बी-12 न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका: रक्त सुधारलेलं दिसतं, नसांची हानी मात्र आत चालूच राहते.

गोळी किंवा इंजेक्शन न घेताही रिपोर्टात बी-12 खूप जास्त आलं, तर ‘वा, साठा भरपूर’ म्हणून फाइल बंद करू नका. यकृताचे किंवा रक्ताचे आजार, क्वचित कॅन्सरही, त्यामागे असू शकतो. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

केस-नखांसाठीचं बायोटिन (बी-7) तपासणीच बिघडवतं. गरज 30 मायक्रोग्रॅमची, गोळी 5 किंवा 10 मिलिग्रॅमची. काही यंत्रांवर त्यामुळे पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) आणि थायरोग्लोब्युलिन (थायरॉइड कॅन्सरनंतर पाहतात ते) खोटं कमी दिसतं. म्हणजे परतलेला आजार नजरेतून निसटू शकतो. रक्त देण्याआधी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचं ते लॅबला विचारा. मोठ्या डोसला दोन-तीन दिवस तरी लागतातच.

केमो चालू असताना स्वतःच्या मनाने गोळी सुरूही करू नये, बंदही करू नये. केपेसिटाबिन या केमोच्या औषधासोबत फॉलिक ॲसिड घेतलं, तर जुलाब आणि तळहात-तळपाय सोलवटणं वाढू शकतं. पेमेट्रेक्सेड या दुसऱ्या केमो-औषधाचं नेमकं उलट: पहिल्या डोसआधीच्या सात दिवसांत किमान पाच दिवस रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आधीच्या आठवड्यात 1000 मायक्रोग्रॅम बी-12चं इंजेक्शन, पुढे केमोच्या दर तीन सायकलला (फेऱ्यांना) एक. शेवटच्या डोसनंतरही 21 दिवस फॉलिक ॲसिड चालू ठेवायचं. ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून ते चुकवलं, तर रक्तपेशी कोसळतात आणि तोंड येतं.