कमांडो घड्याळ घेताना नाव नाही, मागचं झाकण बघा

परभणी असो का नांदेड, बाजारात 'आर्मी', 'कमांडो' लिहिलेली जाडजूड घड्याळं लई दिसायलीत, भरतीची तयारी करणारी पोरं हौसेनं घेतात आणि पहिल्याच पावसात काच आतून धुरकट होते. म्हणून दुकानात गेलं की आधी घड्याळ उलटं करून मागच्या झाकणावरचं वाचायचं.

30 मीटर लिहिलंय म्हणजे तेवढं खोल चालतं असं नाही, हात धुताना उडालेलं पाणी सोसतं एवढंच. विहिरीत सूर मारायचा असेल तर 200 चं घ्या, पोहण्यापुरतं 100 पण चालतं. पाण्यात असताना बटन मात्र दाबू नका.

मार सोसायला जी-शॉकच. कॅसिओच्या किकुओ इबेंनी ठरवलं होतं की 10 मीटरवरून पडलं तरी चालावं, 10 बारचा (म्हणजे 100 मीटर खोलीइतका) पाण्याचा दाब सोसावा, सेल 10 वर्षं टिकावा, आणि दोनशेच्या वर नमुने आपटून 1983 ला पहिलं मॉडेल आलं. आतली मशीन बॉडीला मोजक्याच जागी टेकलेली असते त्यामुळं धक्का तिथवर जातच नाही. याचं डीडब्ल्यू-6600 मॉडेल अमेरिकेच्या नेव्ही सील्सच्या, म्हणजे नौदलाच्या कमांडोंच्या हातात असायचं, ते याच दमामुळं. घेताना काचेवर आडवा पेन ठेवून बघा, तो कडेवर टेकला पाहिजे, काचेला लागायला नको, म्हणजे पालथं पडलं तरी काच वाचते. डुप्लिकेट ओळखायचं तर मागं चौकटीत मॉड्यूल नंबर, म्हणजे आतल्या मशीनचा नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून मॅन्युअल काढा आणि प्रत्येक बटन त्यात लिहिल्यासारखंच चालतं का ते दुकानातच दाबून बघा, डुप्लिकेटमध्ये कितीतरी वेळा छोटे काटे नुसते छापलेले असतात.

रात्रीच्या लाइटीला रानात पाणी द्यायला जाणाऱ्यांनी उजेडाचं नीट बघावं. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्या साध्या चमकणाऱ्या रंगाला आधी उजेड दाखवावा लागतो आणि पहाटेपर्यंत तो मंद होतो. ल्युमिनॉक्स कंपनीच्या घड्याळात ट्रिटियम वायूच्या बारीक नळ्या असतात, त्या रात्रभर आपोआप उजळतात, सील्सनी हे घड्याळ घेतलं ते याच्यासाठीच. पण ट्रिटियम साधारण 12 वर्षांत निम्मं होतं, म्हणून जुनं घेताना कोणत्या सालचं आहे ते विचारा.

फिरती रिंग असेल तर ती एकाच बाजूला, काट्यांच्या उलटी फिरली पाहिजे. फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली लढणाऱ्या जवानांसाठी 1953 ला ब्लँकपेन या स्विस कंपनीनं केलेल्या फिफ्टी फॅदम्स घड्याळातली रिंग दाबल्याशिवाय फिरतच नव्हती, एकाच बाजूला फिरणारी नंतर आली. हिला चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही, म्हणून ऑक्सिजन संपायच्या आत माणूस वर येतो. आपल्याला मोटर चालू करताना रिंगचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, की किती वेळ झाला ते सरळ वाचता येतं. 1600 मीटर पळणाऱ्यांना मात्र डिजिटलच बरं, त्यात लॅप पाहिजे, 400 च्या प्रत्येक राउंडचा टाइम वेगळा कळतो.

पट्टा नायलॉनचा एकसंध घ्या, ब्रिटिश सैन्यात 1973 पासून आहे तसला. एक पिन तुटली तरी घड्याळ पडत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात घामानं रबर चावतं, हा धुता येतो.

एचएमटी जवान आपल्या फौजेचं, चावीचं, मला मनापासून आवडतं, पण आता ऑनलाइन जी मिळतात त्यातल्या बऱ्याचवर डायल नव्यानं रंगवलेली असते, आकड्यांच्या कडा पुसट दिसल्या की सोडून द्या.

आणि सेल बदलताना झाकणाखालची रबरी रिंग पण बदलून घ्या, ती सुकली की 200 मीटरचं घड्याळ पण पाणी पितं.